अडतीस, अडतालीस

सांगलीत अंजना ठोकळे म्हणून विचारलंत तर कुणी ओळख दाखवणार नाही. विश्रामबागेत ती ज्या गल्लीत खोली घेऊन राहायची तिथंसुद्धा तिला ‘कॉलेजातल्या मॅडम’ एवढंच म्हणत, आणि ती मॅडमही नव्हती. इंजिनिअरिंग कॉलेजच्या संगणक विभागात लॅब असिस्टंट होती. म्हणजे सकाळी यंत्रं लावायची, संध्याकाळी बंद करायची, मुलांनी माउसच्या पोटातले रबरी गोळे पळवले की दुसरे बसवायचे, आणि सरांनी हाक मारली की ‘आले’ म्हणून उठायचं. असल्या बाईच्या हातात जगातल्या काही शे संगणकांचे पडदे होते, हे मी सांगतोय म्हणून तुम्ही मानायचं. नाही मानलंत तरी हरकत नाही. तेव्हाही कुणी मानलं नव्हतं, आणि त्याचाच हा सगळा घोळ आहे.

झालं असं. शहाण्णव साली कॉलेजनं वीस संगणक घेतले. स्वस्तात मिळाले म्हणून घेतले, आणि स्वस्तात का मिळाले ते घेतल्यावर कळलं. आतलं चित्रांचं कार्ड कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं होतं. त्याच सुमारास एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली. लिनक्स म्हणजे जिचा सगळा मजकूर उघडा, कुणीही वाचावा, सुधारावा आणि फुकट वाटावा, अशी यंत्रणा. ती त्या संगणकांवर घातली की पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा. सर म्हणाले, “मरू दे ते लिनक्स.” अंजनाला काही राहवेना. कार्डाला ‘हे इथं काढ, ते तिथलं पूस’ असं सांगणारा जो प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो उघडून ती वाचत बसली. पलूसच्या शाळेत मराठीतून शिकलेली, पुढं डिप्लोमा केलेला. चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली की तिला घाम फुटायचा. पण प्रोग्राम वाचायला उच्चार लागत नाहीत. तीन महिन्यांत तिनं त्या रेघा घालवल्या.

मूळ ड्रायव्हर लिहिणारा जर्मन होता, योर्ग नावाचा. कॉलेजच्या ईमेलवरून तिनं त्याला दुरुस्ती पाठवली. सोबत चार ओळींचं पत्र होतं, ते लिहायला तिला दुरुस्तीपेक्षा जास्त त्रास झाला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, ‘उत्तम, अजून पाठवा.’ वर्षभर ती पाठवत राहिली. मग एक दिवस योर्गनं कळवलं, की त्याला नवी नोकरी लागली आहे, घरात तान्हं मूल आहे, यापुढं हा ड्रायव्हर तुम्हीच सांभाळा. फाइलीच्या डोक्यावर त्याच्या नावाखाली ओळ आली, ‘देखभाल: ए. ठोकळे, सांगली.’ ती ओळ तिनं त्या दिवशी इतक्या वेळा वाचली की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “काय गं, लग्नपत्रिका आहे का?”

सुट्टीला पलूसला गेली तेव्हा तिनं वडिलांना सांगितलं. राजाराम ठोकळे एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर इंजिनं उघडून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे तू डायवर झालीस?”

“झाले नाही हो आबा, डायवर सांभाळते.”

“आगं, डायवर सांभाळणं लय अवघड काम हाय. आमच्या डेपो मॅनेजरला इचार.”

आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसले. आठवडाभरात गल्लीत झालं, राजारामाची आंजी डायवर झाली. कुणी विचारी, कुठल्या गाडीवर गं? तिला राग यायचा आणि हसूही यायचं. पण रागाखाली एक खंत होती, ती मात्र खरी होती. आपण काय करतो हे आपल्या माणसांना सांगायला आपल्याकडं शब्दच नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं.

काम मात्र तिनं जीव लावून केलं. तो ड्रायव्हर दहा हातांनी ठिगळं लावून झालेला. कार्डाचे तीन प्रकार, म्हणून एकच गोष्ट तीनदा लिहिलेली, एका घरात तीन चुली मांडाव्यात तशी. एकात सुधारणा केली की बाकीचे दोन रुसायचे. कॉलेज सुटल्यावर पाच ते सात ती खोलीवर बसायची आणि एकेक चूल मोडून सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र करायची. कुणी पोलंडहून लिहायचं, की माझ्याकडं अक्षरं हिरवी दिसतात. ही इथून शोधून दुरुस्ती पाठवायची. त्यासाठी खोलीवर तिचा स्वतःचा एक संगणक होता. कॉलेजनं भंगारात काढलेले भाग मागून आणून जोडलेला. मॉनिटर तर मेलेलाच आणला होता. त्याच्या आतलं जळकं काढून, दुसरं बसवून, कथलाचा डाग देऊन तिनं तो स्वतः उठवला होता. त्याच्यावर ती फार जीव टाकायची. रोज काम झालं की त्याच्यावर कापड घालायची.

आता जरा कान देऊन ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. त्या काळचे मॉनिटर म्हणजे जड काचेची पेटी. पडद्यावर सेकंदाला किती हजार रेघा ओढायच्या याची प्रत्येक पेटीची मर्यादा ठरलेली, आणि ती मागच्या स्टिकरवर छापलेली. त्या आकड्याच्या पलीकडं पळवलं की पेटी बारीक शिट्टी मारते, तापते, आणि जुनी असेल तर जळते. होय, नुसत्या आकड्यानं जळते. योर्गच्या वेळी हा आकडा ज्याचा त्यानं टाकायचा, अशी रीत होती. पण आपल्याकडच्या शाळांत कोण टाकणार? मास्तरांना मागं स्टिकर आहे हेच माहीत नाही. म्हणून अंजनानं ड्रायव्हरला एक तक्ता जोडला. इकडं मिळणाऱ्या स्वस्त मॉनिटरांची नावं, आणि पुढं ज्याचा त्याचा आकडा. माणसानं फक्त नाव निवडायचं. तिच्या दृष्टीनं तिनं केलेली सगळ्यांत चांगली सुधारणा हीच. योर्गलाही आवडली. त्यानं एकच अट घातली, ‘जो आकडा डोळ्यांनी पाहिला असेल तोच तक्त्यात लिहा.’ तिनं हो म्हटलं, आणि पाळलंही. एक वेळ सोडून.

ती एक वेळ कोंडीबा जाधवांची. वाईकडच्या एका खासगी शाळेत ते शिपाई होते, हंगामी. फौजेत सिग्नलला सतरा वर्षं काढून आलेले. शाळेला विट्याच्या एका गलाईवाल्यानं, म्हणजे परमुलखात सोनं गाळण्याचं दुकान असलेल्या माणसानं, एक संगणक भेट दिला होता. तो शिकवणारे मास्तर चार महिन्यांत पुण्याला निघून गेले. मग त्या यंत्राला कपडा मारता मारता कोंडीबांनीच ते शिकून घेतलं. सांगलीच्या कॉलेजात शाळांच्या माणसांसाठी तीन दिवसांचा वर्ग झाला, तिथं सगळे गुरुजी आणि हे एकटे शिपाई. गुरुजी चहाला उठले की हे अंजनाजवळ येऊन बसायचे.

“आवं ताई, ह्ये पडद्याचं पोट उघडं हाय म्हंता, मग वाचायला कवा देताय?”

तिला ते फार आवडले. बापाच्या वयाचा माणूस, आणि प्रश्न असा नेमका विचारायचा की सरांनीही कधी विचारला नसता. शाळेच्या संगणकातही तेच स्वस्त कार्ड निघालं, म्हणून तिनं त्यांना सीडी दिली, आणि तिथल्या मॉनिटरचा आकडा फोनवर कळवायला सांगितलं. मॉनिटरचं नाव होतं ‘नयनदीप’, सुटे भाग आणून कुठं तरी जोडलेला, तिनं कधी न पाहिलेला.

फोन आला. शाळेच्या ऑफिसातून, दुपारच्या सुट्टीत. कोंडीबा फौजी शिस्तीत वाचू लागले.

“माडल नंबर चौदा पैंतालीस. बराबर? खालचा आकडा तीस. वरचा अडतीस.”

पैंतालीस म्हणजे पंचेचाळीस, हे तिच्या लगेच लक्षात आलं आणि तिला हसूही आलं. सतरा वर्षं फौजेत आकडे हिंदीत मोजलेला माणूस. मग ‘अडतीस’ म्हणाले ते काय असेल? त्या महिन्यात तिनं पाहिलेल्या बहुतेक मॉनिटरांचा वरचा आकडा अठ्ठेचाळीस होता. आणि अठ्ठेचाळीसला हिंदीत म्हणतात अडतालीस. म्हातारा मधला ‘ता’ गिळून बोलला, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. पुन्हा विचारावं, असं क्षणभर आलं होतं मनात. पण पुन्हा विचारलं तर माणूस ओशाळेल, आपलं बोलणं ताईंना कळत नाही असं त्याला वाटेल. म्हणून नाही विचारलं. तक्त्यात लिहिलं, अठ्ठेचाळीस.

आता बघा गंमत. अडतीसला हिंदीतही अडतीसच म्हणतात. दोन्ही भाषांत एकच असलेला आकडा या बाईनं बरोबर शोधून काढून त्याचं भाषांतर केलं. आणि लाइन, सांगून ठेवतो, स्वच्छ होती. शब्द तिला नीट ऐकू आला होता.

नवा ड्रायव्हर फ्लॉपीवर घालून तिनं टपालानं वाईला पाठवला. पंधरा दिवसांनी कोंडीबांचं पत्र आलं. टपोरं, उभं अक्षर.

‘ताईंस नमस्कार. कळवण्यास वाईट वाटते की आपला पडदा गेला. आपण पाठविलेले घातले. चित्र लई छान आले. अर्ध्या तासाने वास आला व अंधार झाला. मी पाणी सांडले, स्टॅबिलायझर लावला नाही, असे सायबांचे म्हणणे आहे. मी लावला होता. जूनपासून मला कायम करणार होते. आता सोमवारी कमिटी बसून काढणार. तुमच्याकडे दुरुस्त होईल का? स्टिकरची नक्कल खाली केली आहे.’

आणि खाली, चौकट आखून, सिग्नलवाल्याच्या काटेकोरपणानं उतरवलेलं स्टिकर. ३० ते ३८.

अंजनानं पत्र उलटं ठेवलं, पुन्हा सुलटं केलं. आकडा तोच. गुन्हा माझा, आणि नोकरी त्या माणसाची जाणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमायला लागलं. बरं, त्यांनी संशयही घेतला नव्हता. उलट ‘आपला पडदा’ म्हणून लिहिलं होतं. तिला तिथंच, लॅबमध्ये, मुलांसमोर रडू आलं.

त्याच दिवशी तिनं तक्ता दुरुस्त केला आणि ड्रायव्हर वापरणाऱ्या सगळ्यांना ईमेल लिहिली. माझ्या चुकीमुळं एका शाळेचा मॉनिटर जळाला, ‘नयनदीप’ असेल त्यांनी जुनी फाइल ताबडतोब काढून टाकावी. चूक कशी झाली हेही लिहिलं, ‘टेलिफोनची लाइन खराब होती.’ हे खोटं होतं. लिहिताना तिला कळत होतं की हे खोटं आहे. पण ‘मला नीट ऐकू आलं आणि मीच ते बदललं’ हे तिच्या हातून लिहिलं जाईना. माणूस कितीही सरळ असला तरी असा एखादा शब्द आपल्या बाजूनं घालून ठेवतोच. सकाळी उत्तरं आली होती. ब्राझीलच्या कुणी लिहिलं, कळवल्याबद्दल आभार. योर्गनं लिहिलं, ‘वाईट झालं. माझ्याही हातून एकदा झालं होतं. शाळेला जाऊन भेटा.’ सात समुद्रांपलीकडच्या माणसांनी एका रात्रीत तिच्यावर विश्वास ठेवला.

शनिवारी रजा टाकून ती वाईला गेली. शाळेचे चिटणीस विष्णुपंत. सत्तरीचे, धुतलेल्या धोतराचे, बोलायला अतिशय मृदू. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, कुठल्या गावच्या विचारलं, आडनाव विचारलं. ते ऐकून ‘अच्छा, अच्छा’ म्हणाले. तिनं सगळं सांगितलं. आकडा, तक्ता, ड्रायव्हर. ते ऐकत राहिले.

“म्हणजे तुमचं म्हणणं, संगणकाच्या आतला हा प्रोग्राम तुम्ही लिहिलात?”

“सगळा नाही. देखभाल मी करते. पण तो आकडा माझा.”

“आणि हा प्रोग्राम जर्मनीतले लोक वापरतात.”

“हो.”

विष्णुपंत हसले. वाईट हसले नाहीत. नातीनं ‘मी आज चंद्रावर गेले होते’ म्हटल्यावर हसतात तसे हसले. तिनं पिशवीतून छापून आणलेला कागद काढला, नावाची ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

“बाई, कागदावर नाव कुणालाही छापता येतं. तुमचा हेतू मी समजतो. कोंडीबा तुमच्या ओळखीचा, गरीब माणूस, त्याला वाचवावं असं तुम्हाला वाटतं. चांगलीच गोष्ट आहे. पण एका आकड्यानं काच जळते, हे मला कसं पटावं? पाण्यानं जळते. विजेनं जळते.”

“मी खोटं बोलत नाहीये.”

“मी तसं म्हटलंच नाही,” विष्णुपंत म्हणाले, आणि घंटा वाजवून चहा मागवला. चहा घेऊन कोंडीबाच आले. तिच्याकडं न बघता कप ठेवून गेले.

परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. आपला गुन्हा आपण कबूल करतोय, आणि समोरचा म्हणतो, तो तुमच्या ऐपतीबाहेरचा आहे! चांगलं केलं ते तर कुणी मानलं नव्हतंच, आता वाईट केलं तेही मानेनात. संतापानं तिचे कान तापले. आणि कराड मागं पडेपर्यंत काय करायचं ते तिचं ठरलं. ती सांगलीच्या अलीकडं पलूसलाच उतरली आणि वडिलांना म्हणाली, “आबा, उद्या माझ्याबरोबर वाईला चला. ओझं आहे.”

रविवारी सकाळी दोघांनी सांगलीच्या खोलीवरून तिचा मॉनिटर उचलला. जुना असल्यानं त्याचाही वरचा आकडा अडतीसच होता. गोधडीत गुंडाळून राजारामांनी तो एसटीत मांडीवर घेतला. चार तास त्यांनी तो कुणाला धरू दिला नाही. वाटेत फक्त एकदा विचारलं.

“आंजे, ह्यो जाळायचा?”

“हो.”

“तूच उठीवलास की गं ह्याला.”

“हो आबा.”

मग त्यांनी गोधडी घट्ट आवळून घेतली. इंजिनं उघडून हात काळे केलेल्या माणसाला आणखी सांगावं लागत नाही.

कमिटी सोमवारी असली तरी विष्णुपंत रविवारीही शाळेत येऊन बसत. गोधडीतून मॉनिटर निघालेला पाहून ते जरा गोंधळले, पण नाही म्हणाले नाहीत. कोंडीबांना बोलावलं. संगणकाच्या खोलीत अंजनानं वायर जोडली, स्टॅबिलायझर लावलेला विष्णुपंतांना हात लावून बघायला सांगितला, टेबलावर पाण्याचा थेंब नाही हे दाखवलं. जुनी, चुकीच्या आकड्याची फ्लॉपी घातली. आणि यादीतून नाव निवडलं, नयनदीप.

“ताई, नगा करू,” कोंडीबा हळूच म्हणाले.

पडदा उजळला. चित्र सुरेख आलं, पूर्वी कधी आलं नव्हतं इतकं स्थिर. विष्णुपंत पुढं वाकले.

“अहो, छानच दिसतंय की!”

“थांबा जरा.”

पाच मिनिटं झाली. दहा झाली. विष्णुपंतांनी घड्याळ पाहिलं. आणि मग अंजनाला ती शिट्टी ऐकू आली. बारीक, सुईसारखी. तिनं सगळ्यांकडं पाहिलं. तिघंही म्हातारे, त्या उंच आवाजाला तिघांचेही कान बंद. ऐकत होती ती एकटीच.

“ऐकलंत? शिट्टी वाजतेय.”

“मला तर काही नाही ऐकू येत,” विष्णुपंत म्हणाले. राजारामांनी कान जवळ नेला आणि मान हलवली.

तिनं मनात धरलं होतं, की शिट्टी वाजली की दाखवायची आणि बटण बंद करायचं. म्हणजे मॉनिटरही वाचेल. हात बटणापर्यंत गेलासुद्धा. बंद केलं असतं तर तिचा तेवढा एकच मॉनिटर वाचला असता, संध्याकाळचं घरचं काम वाचलं असतं, तीन चुलींपैकी अर्धवट मोडलेली शेवटची चूल मोडून झाली असती. आणि विष्णुपंत म्हणाले असते, ‘पाहिलंत, काही झालं नाही.’ तिनं हात मागं घेतला आणि मांडीवर घट्ट धरून ठेवला. शिट्टी चढत गेली. ऐकवत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलंही नाही.

आधी वास आला. तो मात्र सगळ्यांना आला. विष्णुपंतांनी नाकाला धोतराचा सोगा लावला. मग आत ‘फट्’ झालं, चित्र मधोमध आकसत एका रेघेवर आलं, आणि पडदा काळा झाला. राजारामांनी झटक्यात प्लग ओढला.

विष्णुपंतांचा चेहरा उतरला होता. माणूस प्रामाणिक होता, पाहिलेलं नाकारणाऱ्यांतला नव्हता.

“बाई, माझं चुकलं,” ते म्हणाले. “कोंडीबाचा दोष नाही. मी उद्या कमिटीला सांगतो. जूनपासून तो कायम.”

अंजनाचा श्वास मोकळा झाला. राजारामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि विष्णुपंत त्याच मृदू आवाजात पुढं म्हणाले, “पण आता या खोलीला कुलूप. एवढं नाजूक यंत्र शिपायाच्या हाती द्यायला नको होतं, ही खरी आमची चूक. शिकलेला माणूस मिळाला की उघडू. कोंडीबा, किल्ली.”

कोंडीबांनी कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली वेगळी केली. ती निघायला वेळ लागला. “जी सायेब,” म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवली.

“नाही हो, यात त्यांची काहीच—” अंजना बोलायला गेली. पण विष्णुपंत उठले होते, आणि त्यांच्या लेखी न्याय झाला होता.

फाटकापर्यंत कोंडीबा सोडायला आले. मेलेला मॉनिटर राजारामांकडून घेऊन त्यांनी स्वतःच्या खांद्यावर टाकला. रस्त्यावर आल्यावर अंजनानं पर्समधून नवी फ्लॉपी काढली, बरोबर आकड्याची. दुसरं काय द्यावं ते तिला सुचलंच नव्हतं. कोंडीबांनी तिच्याकडं पाहिलं, घेतली नाही.

“ऱ्हाऊ द्या, ताई. कुठं घालू?” मग म्हणाले, “नोकरी ऱ्हायली, लय उपकार झाले तुमचं. खोटं न्हाई बोलत. पर एक इचारू? त्या दिवशी फोनवर माझंच काय चुकलं का? मी रोज आठवून बघतो. फौजेत सतरा वरसं आकडं सांगितलं मी. एक कवा चुकला न्हाई. का आता दात पडल्यात म्हून बोलणं कळत न्हाई माझं? का लाइन खराब हुती?”

एसटी वळणावर दिसायला लागली होती. राजाराम हात करून पुढं गेले. लाइन खराब होती, एवढं म्हणायचं होतं. जर्मनीला लिहिलं होतं, ब्राझीलला लिहिलं होतं, सगळ्यांना चाललं होतं. म्हाताऱ्यालाही बरं वाटलं असतं, आणि तिलाही.

“लाइन साफ होती, काका,” अंजना म्हणाली. “तुम्ही अडतीस म्हणालात. मला अडतीसच ऐकू आलं.”